बाबासाहेबांचे ग्रंथ मुक्त झाले, मोबाईलमधल्या कुलपाचे काय?

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. आज इथल्या विद्यार्थ्याचे पुस्तक, व्याख्यान, बँक आणि शिष्यवृत्तीचा अर्ज सगळे मोबाईलवरच असते. पण मोबाईलमध्ये असलेल्या पुस्तकाचा मालक कोण, हा प्रश्न चळवळीत फारसा विचारला जात नाही.

कुलूप म्हणजे काय?

ई-पुस्तके आणि चित्रपटांवर कंपन्या जे तांत्रिक कुलूप लावतात, त्याला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट किंवा डीआरएम म्हणतात. फाइल आपल्या फोनमध्ये असते, किल्ली कंपनीकडे असते. ठरलेले अ‍ॅप आणि ठरलेले खाते असेल तरच ती उघडते. आपण विकत घेतो ते पुस्तक नसते, वाचण्याची परवानगी असते. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. पैसे परत दिले, पण वाचकाला विचारले नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली.

मुक्तस्रोत फोनची अडचण

जुन्या फोनला कंपनी अपडेट देणे बंद करते. अशा अनेक फोनवर लिनिएजओएससारखी मुक्तस्रोत प्रणाली टाकून त्यांचे आयुष्य वाढवता येते. ज्या घरात एकच फोन सगळ्यांनी वापरायचा असतो, तिथे ही मोठी सोय आहे.

पण इथेच कुलूप आडवे येते. अँड्रॉइडचा पाया मुक्तस्रोत असला तरी चित्रपटांचे कुलूप सांभाळणारा गूगलचा 'वाइडवाइन' हा भाग बंदिस्त आहे. नवी प्रणाली टाकण्यासाठी फोनचा बूटलोडर उघडावा लागतो. त्यानंतर अनेक फोनवर वाइडवाइनची पातळी एल-१ वरून एल-३ वर घसरते आणि पैसे भरूनही चित्र कमी दर्जाचे दिसते. काही बँकांची अ‍ॅप्स तर असा फोन 'प्रमाणित' नाही म्हणून चालतच नाहीत. फोन आपला, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे दुसराच ठरवतो.

आपला संबंध

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. म्हणून बाबासाहेबांनी हयातीत प्रकाशित केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ निधनानंतर १९५७ साली निघाला, त्याची मुदत २०१७ अखेर संपली. मात्र अनुवाद आणि नव्या प्रस्तावनांचे हक्क वेगळे असतात, हे लक्षात ठेवावे.

म्हणजे कायद्याने जे मुक्त केले, तेच कुलूपबंद अ‍ॅपमधून घेतले की पुन्हा बंदिस्त होते. मित्राला देता येत नाही आणि विहाराच्या वाचनालयात ठेवता येत नाही. वर्गणीच्या अनेक अ‍ॅपमध्ये उतरवून घेतलेले पुस्तकही ठरावीक काळाने इंटरनेट मागते. धडगाव-मोलगीच्या डोंगरात रेंज शोधत फिरणाऱ्या मुलांना याचा अर्थ सांगायला नको. साधी पीडीएफ मात्र मेमरी कार्डवरून गावोगाव जाते.

काय करावे?

कुलूप तोडण्याच्या भानगडीत पडू नये. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याची गरजही नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत आहेत. ते उतरवून विहारात एका पेनड्राइव्हवर ठेवावेत. ई-पुस्तक विकत घेण्याआधी त्याला कुलूप आहे का, हे विचारावे. आपल्या प्रकाशकांनीही पुस्तके कुलपाविना विकावीत आणि वाचकांनी ती पैसे देऊनच घ्यावीत.

ज्ञानाचे दार बंद असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसले आहे. बाबासाहेबांचे पुस्तक उघडण्यासाठी आपल्या पोरांना कोणा कंपनीची परवानगी मागावी लागू नये, एवढी काळजी आपण नक्कीच घेऊ शकतो.

जय भीम! नमो बुद्धाय!