आदमची बरगडी आणि बाईवरचा ठपका

पुरुषाला बाईपेक्षा एक बरगडी कमी असते, असे आजही कितीतरी लोक खात्रीने सांगतात. देवाने आदमची बरगडी काढून तिच्यापासून हव्वा घडवली, ही बायबलमधली कथा त्यामागे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने (१६१६, राचोल, गोवा) बायबलातील या कथा मराठी ओव्यांत आणल्या. त्याच्या शंभर वर्षे आधी मायकेलअँजेलोने रोमच्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर निजलेला आदम आणि त्याच्या कुशीमागून उठणारी हव्वा रंगवली होती.

प्रत्यक्षात बरगड्या दोघांनाही बारा जोड्या, म्हणजे चोवीसच. १५४३ मध्ये शरीररचनेवर मोठा सचित्र ग्रंथ काढणाऱ्या व्हेसालियसनेही हेच सांगितले. काहींना मानेजवळ एखादी जास्तीची बरगडी असते, पण तीही स्त्री-पुरुष दोघांत सापडते. आणि अपघातात बोट गमावलेल्या बापाच्या मुलाला दहा बोटे असतातच की!

बृहदारण्यक उपनिषदातले चित्र वेगळे आहे. एकटा आदिपुरुष स्वतःचे दोन भाग करतो, त्यातून पती-पत्नी होतात. उपमा आहे दाण्याच्या अर्ध्या डाळीची. पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगायला नको. हरभरा भरडला की एका दाण्याच्या दोन सारख्या डाळी होतात. अमकी तमकीतून निघाली, असे कोणी म्हणत नाही.

गर्भाचे शास्त्र या उपमेच्या जवळ जाते. पहिले सहा आठवडे मुलगा-मुलगी दोघांच्या जननेंद्रियांची मांडणी सारखीच असते. मग वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक (त्याचा शोध १९९० मध्ये लागला) कामाला लागले की वृषण घडू लागतात. पुरुषाला स्तनाग्रे का असतात, याचे उत्तरही इथेच आहे. त्यांची घडण त्याआधीच सुरू झालेली असते.

हे वाय येते फक्त बापाकडून. आईच्या बीजांडात नेहमी एक्सच असते. शुक्राणूत एक्स किंवा वाय. तरी मुलगी झाली की टोमणे सुनेलाच. फळ खाल्ल्याचा पहिला ठपका कथेतही हव्वेवरच आला होता. कुराणात मात्र चूक दोघांचीही आहे.

या समजाची किंमत आपल्या जिल्ह्याला ठाऊक असायला हवी. २०११ च्या जनगणनेत बुलडाण्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या; राज्यात ८९४. निसर्गाने हा आकडा ९५० च्या आसपास राहतो. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. तपासणी करणारा आणि करवून घेणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. बाईवर मात्र नवऱ्याने किंवा नातेवाईकांनी सक्ती केली, असेच हा कायदा आधी गृहीत धरतो.