एक पंचमांश वॉटचा रेडिओ-दीपस्तंभ

समुद्रकाठचा दीपस्तंभ जहाजाला वाट दाखवितो. हौशी रेडिओचालकाचा दीपस्तंभ वाट दाखवीत नाही. दोन ठिकाणांमधील वाट या क्षणी उघडी आहे की बंद, एवढेच तो सांगतो. परंतु बिनतारी संदेशवहनात हे 'एवढेच' फार मोलाचे असते. लघुतरंगांचा रस्ता जमिनीवरून जात नाही. तो शेकडो किलोमीटर उंचीवरील आयनांबर नावाच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन जातो, आणि हे थर दिवस व रात्र, ऋतू आणि सौर डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र यांनुसार सतत बदलत असतात.

या ज्ञानाची खरी कसोटी आपत्तीच्या वेळी लागते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा हौशी रेडिओचालक संदेशवहनासाठी पुढे आले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचा तडाखा बसला, त्या वेळी हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे पथक योगायोगाने अंदमानातच होते. द्वीपसमूहातील संदेश मुख्य भूमीवर पोहोचविण्याचे काम त्याने केले. अशा प्रसंगी यंत्र हाती असून भागत नाही. कोणत्या घटकेला कोणता तरंगपट्टा वापरावा, हे आधीपासून माहीत असावे लागते. ते समजून घेण्याचे एक स्वस्त व शास्त्रशुद्ध साधन म्हणजे लघुशक्ती रेडिओ-दीपस्तंभाचा जोडसंच होय.

पूर्वपरंपरा

हौशी रेडिओक्षेत्रात दीपस्तंभांची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील नॉर्दर्न कॅलिफोर्निया डीएक्स फाउंडेशन या संस्थेने १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात १४.१०० मेगाहर्ट्झवर एक दीपस्तंभ उभारला. पुढे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या सहकार्याने त्याचा विस्तार होऊन १८ केंद्रांची जागतिक साखळी आखण्यात आली. त्यांपैकी एक केंद्र श्रीलंकेला नेमून दिलेले आहे. प्रत्येक केंद्र आपला परिचयसंकेत मोर्स लिपीत देते व नंतर एकेका सेकंदाच्या चार रेघा प्रक्षेपित करते. पहिली रेघ १०० वॉट शक्तीची, दुसरी १० वॉटची, तिसरी १ वॉटची आणि चौथी केवळ एक दशांश वॉटची असते. किती रेघा ऐकू येतात यावरून श्रोत्याला मार्गाची स्थिती कळते. अनुकूल वेळी हजारो किलोमीटरवरून शेवटची रेघही कानी पडते. शक्तीपेक्षा मार्ग महत्त्वाचा, हा धडा या चौथ्या रेघेने अनेकांना दिला.

कुजबुजीची भाषा

या धड्याला गणिताची जोड दिली ती जोसेफ टेलर यांनी. द्वैती स्पंदताऱ्याच्या शोधाबद्दल रसेल हल्स यांच्यासमवेत १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हे शास्त्रज्ञ स्वतः हौशी रेडिओचालक आहेत. अत्यंत क्षीण खगोलीय संकेत गोंगाटातून वेचून काढण्याचा व्यासंग असलेल्या टेलर यांनी २००८ साली 'व्हिस्पर', म्हणजे कुजबुज, या नावाने उच्चारली जाणारी पद्धत हौशी चालकांसाठी उपलब्ध करून दिली.

या पद्धतीत संदेश अगदी तोकडा असतो. स्थानकाचा परिचयसंकेत, त्याचे स्थान आणि त्याची प्रक्षेपणशक्ती या तीनच गोष्टी ५० द्विमान अंकांत बसविलेल्या असतात. त्यात चूकदुरुस्तीची तरतूद मिसळून १६२ चिन्हे तयार होतात, आणि चार अगदी जवळजवळच्या सुरांत ती सुमारे ११०.६ सेकंदांत प्रक्षेपित होतात. चारही सुरांना मिळून सुमारे ६ हर्ट्झ एवढीच जागा लागते. संदेश सावकाश व अरुंद असल्यामुळे ग्राहकाकडील संगणकाला त्याची ऊर्जा दीर्घकाळ साठवून पाहता येते. परिणामी, २,५०० हर्ट्झ रुंदीतील गोंगाटापेक्षा सुमारे २८ डेसिबेलांनी, म्हणजे सहाशेपटींहून अधिक दुबळा असलेला संकेतही वाचता येतो. मानवी कानाला तेथे केवळ खरखर ऐकू येते.

स्थान कळविण्यासाठी पृथ्वीचे चौकोन पाडलेले आहेत. प्रत्येक चौकोन रेखांशाचे दोन अंश व अक्षांशाचा एक अंश व्यापतो. पणजी 'एमके-६५' या चौकोनात येते, बेळगाव 'एमके-७५' मध्ये, हैदराबाद 'एमके-९७' मध्ये, बडोदे 'एमएल-६२' मध्ये, इंदूर 'एमएल-७२' मध्ये, तर ग्वाल्हेर 'एमएल-९६' मध्ये. चार अक्षरांकांत गावाचा पत्ता सांगण्याची ही सोय आहे.

संचाची रचना

अशा दीपस्तंभाचे सुटे भाग एकत्र करून विकण्याची प्रथा गेल्या दशकात रूढ झाली. हान्स समर्स या हौशी अभियंत्याच्या क्यूआरपी लॅब्जचा 'अल्टिमेट-३-एस' हा संच त्यांत विशेष परिचित झाला. त्याची रचना समजली की या वर्गातील बहुतेक संच समजतात.

संचात आज्ञावली भरलेला एक मायक्रोकंट्रोलर असतो. तो संदेशाची चिन्हे तयार करतो व घड्याळ सांभाळतो. दुसरा भाग म्हणजे कंप्रता निर्माण करणारी 'एसआय-५३५१-ए' ही चकती. स्फटिकाच्या मूळ कंपनांपासून ती हवी ती कंप्रता अतिसूक्ष्म पायऱ्यांनी बनविते. तिसरा भाग म्हणजे 'बीएस-१७०' हा अगदी स्वस्त ट्रान्झिस्टर. ५ व्होल्टवर तो सुमारे २०० मिलिवॉट, म्हणजे एक पंचमांश वॉट शक्ती देतो. शेवटी लो-पास फिल्टर व त्यापुढे अँटेना. वेळेसाठी उपग्रहांचे संकेत घेणारा जीपीएस ग्राहक जोडता येतो.

यांपैकी फिल्टरकडे नवशिक्यांचे दुर्लक्ष होते. कंप्रता-चकतीतून निघणारा तरंग चौकोनी असतो व त्यात मूळ कंप्रतेच्या पटीतील अनेक कंप्रता दडलेल्या असतात. २० मीटर पट्ट्यात १४.०९७१ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या दीपस्तंभाची दुप्पट कंप्रता २८.१९४२ मेगाहर्ट्झ येते, ती २८.२०० मेगाहर्ट्झवरील जागतिक दीपस्तंभांच्या अगदी शेजारी आहे. तिप्पट कंप्रता तर हौशी पट्ट्यांच्या बाहेर, इतरांच्या हद्दीत जाते. शक्ती लहान असली तरी अतिक्रमण ते अतिक्रमणच. यास्तव फिल्टरविना संच अँटेनेला कधीही जोडू नये.

जोडणी आणि चाचणी

डाख देण्याचा थोडाबहुत सराव असणाऱ्यास हे काम एका सुटीच्या दिवसात उरकता येते. बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात. फिल्टरमधील वेटोळी कड्याच्या आकाराच्या छोट्या गाभ्यांवर हाताने गुंडाळावी लागतात. २० मीटर पट्ट्यासाठी ती अनुक्रमे १६, १७ व १६ वेढ्यांची असतात. तार कड्याच्या भोकातून जितक्या वेळा आरपार जाते तितके वेढे मोजावयाचे. तारेवर एनॅमलचा लेप असतो. टोकांवरचा लेप पूर्णपणे खरवडला नाही, तर वरून चकचकीत दिसणारा डाखही आतून विद्युतप्रवाह जाऊ देत नाही. मल्टिमीटरने सलगता तपासल्यास हा दोष मिनिटभरात उघडकीस येतो.

पहिली चाचणी अँटेनेवर न घेता ५० ओहमच्या डमी लोडवर घ्यावी. ट्रान्झिस्टरचा बायस शून्यापासून हळूहळू वाढवावा, कारण येथे जवळजवळ दोन मिनिटे अखंड प्रक्षेपण होते व मोर्सप्रमाणे ट्रान्झिस्टरला निवण्यास उसंत मिळत नाही. ऑसिलोस्कोपवर डमी लोडच्या दोन टोकांमधील तरंगाची शिखर ते शिखर उंची सुमारे ९ व्होल्ट आली, म्हणजे शक्ती २०० मिलिवॉट आहे असे समजावे. त्यानंतर अँटेना. २० मीटर पट्ट्यासाठी सुमारे ५.०६ मीटरच्या दोन तारांचा साधा द्विध्रुव पुरेसा होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी विजा चमकू लागल्या की अँटेना संचापासून सोडवून ठेवावी.

तीन गोष्टींची सचोटी

दीपस्तंभ उपयुक्त ठरण्यासाठी तीन बाबतींत काटेकोरपणा लागतो. पहिली बाब वेळ. प्रक्षेपण जागतिक वेळेच्या प्रत्येक सम मिनिटानंतर एक सेकंदाने सुरू व्हावे लागते. घड्याळ काही सेकंद चुकले तर संकेत कितीही बलवान असला तरी तो वाचला जात नाही.

दुसरी बाब कंप्रता. या पद्धतीसाठी प्रत्येक पट्ट्यात केवळ २०० हर्ट्झची खिडकी राखलेली आहे. १४ मेगाहर्ट्झवर स्फटिकाची दशलक्षात एक भाग एवढी चूक म्हणजे १४ हर्ट्झ सरकणे होय. ट्रान्झिस्टरच्या उष्णतेने शेजारचा स्फटिक तापला, तर प्रक्षेपण चालू असतानाच सूर वाहू लागतो. म्हणून स्फटिक उष्णतेपासून दूर ठेवावा व जीपीएसच्या सेकंद-ठोक्यांवरून कंप्रता वारंवार दुरुस्त करून घ्यावी.

तिसरी बाब शक्ती. संदेशात स्वतःची शक्ती डीबीएम या एककात सांगावी लागते: १०० मिलिवॉट म्हणजे २०, २०० मिलिवॉट म्हणजे २३, १ वॉट म्हणजे ३०. येथे चुकीचा आकडा देणाऱ्याला कोणी अडवीत नाही. पण त्याचा संकेत ऐकणाऱ्या प्रत्येकाचे गणित त्यामुळे बिघडते. दीपस्तंभाची किंमत त्याच्या शक्तीत नसून त्याच्या खरेपणात आहे, ते याच कारणाने.

अहवालांचा अर्थ

जगभरचे ग्राहक ऐकलेल्या प्रत्येक संकेताची नोंद इंटरनेटवरील सामाईक नोंदवहीत आपोआप करतात. त्यामुळे आपला संकेत कोठे, किती वाजता व किती बळाने पोहोचला, हे काही मिनिटांत कळते. या नोंदींचा व्यवहारात उपयोग असा: २०० मिलिवॉटचा संकेत दूरच्या ठिकाणी उणे २० डेसिबेलवर नोंदला गेला, असे समजू. ५ वॉट म्हणजे त्याहून १४ डेसिबेल अधिक. तो तेथे उणे ६ वर पोहोचेल व सरावलेला कान मोर्स लिपी ओळखू शकेल. १०० वॉट म्हणजे २७ डेसिबेल अधिक. तो अधिक ७ वर पोहोचेल आणि आवाजी संभाषणही शक्यतेच्या टप्प्यात येईल. अशा रीतीने मोठे यंत्र सुरू न करताच मार्गाचा अंदाज बांधता येतो.

भारतातील नोंदींना आणखी एक महत्त्व आहे. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा येथे १९६३ साली अग्निबाण प्रक्षेपणास प्रारंभ झाला तो याच कारणाने. या वृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ चुंबकीय अंशांवर आयनांबराच्या एफ थरातील इलेक्ट्रॉनांची घनता विशेष वाढते. उत्तरेकडील असा पट्टा पश्चिम व मध्य भारतावरून जातो आणि बडोदे-इंदूर हा प्रदेश त्याच्या प्रभावाखाली येतो. शिवाय या अक्षांशांत सूर्यास्तानंतर थरांत खळबळ माजून संकेत थरथरू लागतात. म्हणून समशीतोष्ण देशांतील अनुभवावर बेतलेले ठोकताळे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील डी थर दिवसा खालच्या कंप्रता शोषून घेतो, यास्तव दिवसा लांब पल्ल्यासाठी २० मीटर व रात्री ४० मीटर हा नियम सर्वसाधारणपणे खरा आहे. तथापि आपल्या गावी बदल नेमका केव्हा होतो, हे आपल्याच नोंदवहीतून कळते.

अनुज्ञप्तीची आवश्यकता

हे सारे करण्यापूर्वी एक अट आहे. शक्ती एक पंचमांश वॉट असली तरी प्रक्षेपण ते प्रक्षेपणच. त्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी रेडिओची अनुज्ञप्ती व परिचयसंकेत घेणे बंधनकारक आहे. आपल्या श्रेणीस कोणते पट्टे खुले आहेत व कोणत्या शर्ती लागू आहेत, हे प्रथम पाहावे. संच आपोआप चालतो म्हणून त्यास चालू सोडून निघून जाणे योग्य नव्हे; प्रक्षेपणाची जबाबदारी यंत्राची नसून अनुज्ञप्तिधारकाची असते. प्रक्षेपणही अखंड करू नये. दहा मिनिटांतून एकदा बोलावे व उरलेला वेळ ऐकावे, अशी रीत आहे.

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी वा हौशी मंडळांनी एखादा असा संच उभारला आणि वर्षभर रोजच्या रोज नोंदी ठेवल्या, तर त्या भागापुरते आयनांबराचे पंचांगच हाती येईल. महापुराच्या वा वादळाच्या रात्री दूरध्वनी मुका झाल्यावर, कोणत्या पट्ट्यावर हाक मारावी याचे उत्तर त्या वहीत लिहिलेले असेल. ते त्या रात्री शोधता येत नाही. आदल्या वर्षीच लिहून ठेवावे लागते.