उंबरा बदलताना



दाराचा उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला, की बंद दाराखाली फट राहते. दाण्याच्या कणगीकडे उंदीर तिथूनच येतात. लहान उंदराला पाव इंच फटसुद्धा पुरते. उंदरामागे साप आला. मण्यार रात्री फिरते, भुईवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. तेव्हा हे काम पावसाआधी उरकून घ्या.

आधी उंबरा का गेला ते बघा. लाकडात चाकूचे टोक दाबा. नुसते झिजले असेल तर टोक रुतणार नाही. रुतले तर ओल किंवा वाळवी समजा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडे कालव्याखालच्या काळ्या रानात ओलीचा त्रास जास्त.

दार उतरवा. जुन्या दाराचा खुंटा उंबऱ्याच्या खळग्यात फिरत असेल, तर त्या खळग्याचे माप आधीच घेऊन ठेवा. पुष्कळजण नेमके हेच विसरतात आणि मग दार घासते. गणेशपट्टीखाली दोन टेकू देऊन पाचरी ठोका. टेकूशिवाय उंबरा काढू नका, वरची भिंत बसेल. मग उंबरा मधोमध दोन जागी करवतीने कापा, मधला तुकडा काढा आणि कडेचे तुकडे हलकेच मध्ये ओढा. दारबाह्यांची कुसे मोडता कामा नयेत.

नवा उंबरा सागाचा किंवा वाळलेल्या बाभळीच्या गाभ्याचा घ्या. कडेचे पांढरे लाकूड तासून टाका, कीड तिथेच लागते. उभ्या बाह्या जागेवरच असल्याने बंद भोके चालणार नाहीत. एका बाजूने उघड्या खाचा पाडा, उंबरा आत सरकवा आणि खाचांत लाकडी पाचर ठोका. खालच्या अंगाला आधी डांबर लावा, मातीवर न टेकवता फरशीवर टेकवा आणि उरलेली पोकळी दगडाच्या कपच्या व सिमेंटने भरा.

वाळवीसाठी एके काळी ऑल्ड्रिन, बीएचसी सर्रास टाकत. त्यांच्यावर आता बंदी आहे. गोठ्यात जुना डबा सापडला तरी वापरू नका.

लाकूड परवडत नसेल तर पाथरवटाकडून घडीव काळा दगड बसवून घ्या. त्याला वाळवीही नाही नि ओलही नाही. मात्र बाह्यांच्या उघड्या खाचा आणि खुंट्याचा खळगा आधीच कोरून घ्या.

सिमेंट आठवडाभर ओले ठेवा आणि तोवर उंबऱ्यावर पाय देऊ नका. पोरे काही ऐकायची नाहीत, तेव्हा वरून आडवी फळी टाका.