बीभत्साचे कलामूल्य : ‘कॅनिबल होलोकॉस्ट’च्या संदर्भात

भरतमुनींनी जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव मानला आहे. त्यामुळे किळसवाणे ते सारे कलाबाह्य ठरविता येत नाही. रुग्गेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) या इटालियन भयपटात सुळावर चढविलेली तरुणी प्रत्यक्षात खांबाला जोडलेल्या सायकलच्या आसनावर बसली होती. हा आभास इतका बेमालूम होता की, कलावंत जिवंत असल्याचे दिग्दर्शकाला इटलीतील न्यायालयात सिद्ध करावे लागले. खळबळजनक दृश्यांसाठी क्रौर्य घडवून आणणाऱ्या माहितीपटकारांवरील टीका येथे कलेच्याच मार्गाने प्रकट होते. परंतु त्याच चित्रपटातील कासवाची हत्या खरी आहे. तेथे अभिनय उरत नाही, आणि अभिनयाविना रस कसला? शिवाय ज्या वृत्तीवर चित्रपट कोरडे ओढतो, तीच येथे कॅमेऱ्यामागे उभी दिसते.