सांध्यांची गोष्ट (भाग ६): ताप उतरला, सांधे धरले

शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर कशी उलटते, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ती बिथरते कशानं, हे राहिलं होतं. एक कारण आपल्या सांडपाण्यात नाही, पिण्याच्या पाण्याच्या रांजणात वाढतं: चिकुनगुन्याचा विषाणू पसरवणारा एडिस डास.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. एका नमस्कारात मनगटं, खांदे, गुडघे, घोटे सगळे कामाला लागतात. चिकुनगुन्या धरतो तेही हेच सांधे, शिवाय बोटांचे. या तापाचं नावच मुळी टांझानियातल्या मकोंडे भाषेतलं आहे. १९५२-५३च्या साथीत कमरेत वाकलेली माणसं पाहून ते पडलं. नाव ‘चिकन’सारखं ऐकू आलं तरी कोंबडीचा आणि या रोगाचा काही संबंध नाही.

आता रांजणाकडे येऊ, त्याच मुलखातल्या. जुनं औंध संस्थान तुकड्यातुकड्यांचं होतं. औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. खटाव, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणार असेल तर बाई पिंप, हौद, कळशी, सगळं भरूनच ठेवणार. एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. म्हणून डासांचा रोग फक्त पावसाच्या मुलखात होतो, हे खरं नाही. १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. नंतर तो तीस-बत्तीस वर्षं जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००६मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले.

रक्तातला विषाणू साधारण आठवड्याभरात संपतो. मग सांधे का दुखत राहतात? हा विषाणू सांध्याच्या आतल्या अस्तरात शिरतो. तिथं धावून आलेल्या भक्षक पेशी इंटरल्युकिन-६सारखी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. रियुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे अवशेष सापडले. आग धुमसते ती या अवशेषांमुळे, की चवताळलेल्या पेशींना थांबता येत नाही म्हणून, यावर संशोधकांत अजून वाद आहे. मला दोन्हींत तथ्य वाटतं.

बाहेरून हे दुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसतं. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, धार काढता येत नाही. फरक आत आहे. आमवाताच्या बहुतेक रुग्णांत सापडणारी अँटी-सीसीपी प्रतिपिंडं इथं सहसा नसतात आणि बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोकळे होतात. थोड्यांचं दुखणं मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतं.

मला काळजी वाटते ती दोन चुकांची. एक, ‘आता जन्माचा वात लागला’ म्हणून हात टेकणं आणि उभं राहण्यापुरती स्टेरॉइडची इंजेक्शनं घेत राहणं. दुसरी याच्या उलट: खरा आमवात सुरू झालेला असताना ‘चिकुनगुन्याचं उरलंसुरलं आहे’ म्हणत वर्ष घालवणं. तेवढ्या वेळात हाड झिजू लागतं. सहा आठवड्यांनंतरही सांध्यांवर सूज असेल तर रक्त तपासून घ्या; तीन महिने झाले तर संधिवाततज्ज्ञांकडे जाच, मग साताऱ्याला किंवा सांगलीला जावं लागलं तरी. आणि ताप असताना, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पुढच्या आठवड्यात एपस्टीन-बार विषाणू. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून मुक्कामाला असतो.