मराठी विकिपीडियावरील प्रचालक : अधिकार आणि संयम

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश स्वयंसेवकांच्या लेखनावर उभा आहे. पाने वगळणे, ती सुरक्षित करणे आणि सदस्यांना प्रतिबंधित करणे हे अधिकार तेथील प्रचालकाकडे असतात. मात्र मजकुराविषयीच्या वादात त्याचे मत इतर सदस्यांच्या मताहून वरचढ नसते. तेथे संदर्भ व सहमती निर्णायक ठरतात. म्हणूनच नियमांच्या ज्ञानाइतकाच संयम हा त्याचा महत्त्वाचा गुण होय. स्वतः सहभागी असलेल्या वादात त्याने हे अधिकार वापरू नयेत. हेतुपुरस्सर केलेली नासधूस त्वरित थांबवावी. परंतु नवोदिताकडून अजाणतेपणी झालेली चूक म्हणजे नासधूस नव्हे. कारण न सांगता मजकूर वगळल्यास नवा लेखक दुरावतो आणि मराठीतील ज्ञाननिर्मितीचा एक हात कमी होतो.