मुतखडा आणि बसलेला हात

शिराळ्यातल्या आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर बामची एक रुंद तोंडाची जुनी बाटली आहे. गेली जवळजवळ चाळीस वर्षं तिच्यात काकांचा मुतखडा आहे. जायफळाएवढा, तपकिरी, एका अंगाला काटे आल्यासारखा खरबरीत. १९८६ साली मिरजेला त्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर कूस उघडून, स्नायूंचे थर कापून मूत्रपिंडापर्यंत पोचले आणि त्यांनी हातानं खडा बाहेर काढला. बरगडीखालून पुढं आलेला वीतभर व्रण काकांच्या अंगावर आजही आहे. त्या वर्षी उसाचा अख्खा हंगाम त्यांनी घरात खाटेवर काढला.

गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाला, आमच्या दादाला, तेच दुखणं झालं. खडा १४ मिलिमीटरचा. तो कराडला दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एस.टी. स्टँडजवळच्या समर्थांच्या मारुतीला नमस्कार करून चालत घरी आला. काकांनी त्याचा सदरा वर केला, एक कूस पाहिली, दुसरी पाहिली. कुठंच टाका नव्हता. त्यांनी विचारलं, “मग काढला कुठनं?”

हा प्रश्न आपल्या भागात घराघरांतून विचारला जातो. वारणा-मोरणेच्या या पट्ट्यात मुतखडा नाही असं गाव सापडणं अवघड. कारणही समोर दिसतं. लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट विरघळलेलं असतं. उन्हात घाम जातो, पाणी पोटात जात नाही, लघवी घट्ट होते आणि विरघळलेलं बाहेर पडून त्याचे स्फटिक जमतात. तोडणीच्या हंगामात फडात दिवसभर वाकलेल्या बाईला विचारा. ती पाणी मुद्दाम कमी पिते, कारण आडोसा नसतो. तिच्या मुतखड्याची सुरुवात तिथं होते.

खडा मूत्रपिंडात गप्प बसलेला असतो तोवर पुष्कळदा कळतही नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की कुशीतून जांघेकडे कळ येते आणि माणूस जमिनीवर लोळतो. मग हुलग्याचं माडगं येतं, पानफुटीची पानं येतात, कुणी बिअर सुचवतं. माडग्याबरोबर पाणी पोटात जातं एवढा त्याचा फायदा खरा, पण तयार झालेला ऑक्झलेटचा खडा त्यानं विरघळत नाही. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे तीनांतले साधारण दोन आपोआप पडतात आणि त्याचं श्रेय त्या आठवड्यात जे घेतलं असेल त्याला मिळतं. बिअर सोडून बाकीच्या उपायांशी माझं भांडण नाही. पण कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर एक तासही घरी थांबू नये. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात जातात. तिथं आधी वाट मोकळी करावी लागते, खडा मागाहून.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. कूस न उघडता खडा काढायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही गेल्या पन्नास वर्षांतल्या.

पहिली वाट १९७६ साली स्वीडनमध्ये निघाली. फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या दोघांनी पाठीतून थेट मूत्रपिंडात छिद्र पाडून त्यावाटे खडा काढला. मोठ्या खड्याला, दोन सेंटिमीटरच्या वरच्या खड्याला, आजही हीच वाट चांगली. पूर्वी ते छिद्र बोटाएवढं, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरचं असायचं, आता ते पाच-सहा मिलिमीटरवर आलं आहे. दुसरी वाट विमानांच्या कारखान्यातून आली. जर्मनीतली डॉर्निए कंपनी वेगानं उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून धातूत कसे धक्के उठतात याचा अभ्यास करत होती. तेच धक्के पाण्यातून शरीरात सोडून एका बिंदूवर गोळा केले तर खडा फुटेल, असा विचार पुढं आला आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाला पाण्याच्या टबात बसवून त्याचा खडा बाहेरूनच फोडला गेला. म्हणजे काकांचं ऑपरेशन झालं तेव्हा हे यंत्र जगात होतं, फक्त आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. या उपायाला मर्यादाही आहेत. खडा फार टणक असेल तर सहजी फुटत नाही, आणि मूत्रपिंडाच्या तळाच्या कप्प्यात असेल तर फुटला तरी तुकडे सहजी उतरत नाहीत.

दादाची वाट तिसरी. लघवीच्याच मार्गानं, मूत्राशयातून वर, मूत्रवाहिनीतून मूत्रपिंडात. ही नळी वीतभराहून थोडी लांब आणि आतून तीन-चार मिलिमीटर रुंद. तीत शिरणारी दुर्बीण तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि तिचं टोक मागं वळून आपल्याच दिशेला पाहू शकेल इतकं वाकतं. तिच्या पोटातून काचेचा एक तंतू जातो, केसाच्या दोन-तीन पट जाडीचा. त्या तंतूतून लेसर खड्यावर पडतो.

नवलाची गोष्ट या लेसरमध्ये आहे. बरीच वर्षं होल्मियम नावाचा लेसर वापरात आहे. त्यानं खडा फुटतो, पण तुकडे उडतात, खडा मागं पळतो आणि डॉक्टरांना तो मूत्रपिंडाच्या कप्प्याकप्प्यातून शोधावा लागतो. अलीकडे आलेला थुलियम फायबर लेसर १९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे. ही लांबी अशी की पाणी तो होल्मियमच्या साधारण चौपट शोषून घेतं. खड्याच्या आत-बाहेर पाणी असतंच, ते तापतं आणि खडा पिठासारखा झडत जातो. पळत कमी, झडत जास्त. सोबत आता शोषून घेणारी वाकती नळी आली आहे. लेसर चालू असतानाच ती हा भुगा ओढून बाहेर टाकते. त्यामुळे मूत्रपिंडातला दाब वाढत नाही आणि तापाचा धोका कमी होतो. दादाचा खडा असा झडून गेला. बाटलीत ठेवण्याजोगा काही उरला नाही.

उरली ती एक नळी. ऑपरेशननंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मऊ स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखी गुंडाळी असलेला, म्हणजे तो सरकत नाही. फिनी यांनी १९७८ मध्ये काढलेली ही युक्ती आहे आणि सूज उतरेपर्यंत लघवीची वाट उघडी राहावी यासाठी ती लागते. हा स्टेंट ठरलेल्या दिवशी काढावाच लागतो. बरं वाटलं म्हणून लोक जात नाहीत, हंगाम सुरू होतो, वर्ष जातं, आणि त्या नळीवरच खडा चढतो. मग जे ऑपरेशन कुशीवर ओरखडा न येता झालं होतं, त्याच्यासाठी दोन-तीन मोठी ऑपरेशनं करावी लागतात. दादाच्या स्टेंटची तारीख वहिनीनं कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली होती आणि आधीच्या आठवड्यापासून ती रोज त्याला सांगत होती. हे प्रत्येक घरानं करावं.

इथवर यंत्रांचं झालं. मला खरं सांगायचं आहे ते यंत्र धरणाऱ्या हाताबद्दल.

शिराळ्यात वाढलेल्या माणसाला ‘हात बसणं’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. न्यायालयाच्या आदेशानं नागपंचमीची जिवंत नाग धरण्याची रीत बदलण्याआधी मी लहानपणी पाहिलं आहे, नाग धरणारा गडी पहिल्या वर्षी नागाला हात लावत नसे. तो थोरल्यांच्या मागं काठी घेऊन माळरान तुडवायचा, बीळ ओळखायचा, गाडगं सांभाळायचा. हात बसला की मगच पुढं. ऑपरेशनच्या खोलीतलं शिकणंही बराच काळ असंच चाललं. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हा इथली मुलं त्यांच्या शेजारी उभी राहून, पाहत, मदत करत शिकली. त्या हातांनी आपल्या तालुक्यांना जगवलं. पण या पद्धतीत एक अवघड गोष्ट आहे. शिकणाऱ्याचा पहिला वार कुणाच्या तरी अंगावर पडतोच.

ही अडचण सुश्रुतानं फार पूर्वी ओळखली होती. मुतखड्याचं ऑपरेशन त्याला येत होतं आणि त्यातला धोका त्यानं लपवला नाही. शस्त्र न लावलं तर मरण निश्चित, लावलं तर वाचेल की नाही याची शंका, म्हणून राजाची परवानगी घेऊन मग हात घाला, असं तो सांगतो. शिष्यांना तो आधी माणसावर सोडत नाही. कापणं शिकायला कोहळा, दुधी, काकडी, फाडणं शिकायला चिखल-पाण्यानं भरलेल्या कातडी पिशव्या, खरवडायला केसांसकट ताणलेलं कातडं, शीर उघडायला कमळाचे देठ, शोध घ्यायला किडीनं पोखरलेलं लाकूड, टाके घालायला जाड कापड. एवढं सगळं झाल्यावर रुग्ण.

आज पाठीतून मूत्रपिंडात सुई घालायला शिकणाऱ्यांसाठी एक उपाय आहे, तो वाचून मला सुश्रुताच्या कोहळ्याची आठवण झाली. सोललेल्या कोंबडीच्या आत डुकराचं मूत्रपिंड ठेवतात. कोंबडीचं मांस म्हणजे पाठीचे स्नायू, तिच्या बरगड्या म्हणजे बरगड्या. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत शिकणारा डॉक्टर त्यात सुई घालतो, चुकतो, परत घालतो. हीच सुई या ऑपरेशनचा सगळ्यात अवघड भाग. ती योग्य कप्प्यात, योग्य कोनातून गेली तर रक्त फारसं जात नाही. या ऑपरेशनात हात स्थिर व्हायला साधारण ६० रुग्ण लागतात, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. त्या साठांतल्या पहिल्या काहींची जागा कोंबडीला, रबराच्या किंवा त्रिमितीय छपाईनं बनवलेल्या मूत्रपिंडाला, संगणकावरच्या सिम्युलेटरला देता आली, तर तेवढी माणसं वाचतात.

सिम्युलेटर म्हणजे नुसता खेळ नव्हे. अमेरिकेत १६ शिकाऊ सर्जनांवर झालेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पित्ताशयाच्या ऑपरेशनाआधी संगणकावर हात बसेपर्यंत सराव दिला, निम्म्यांना नेहमीसारखं शिकवलं. सराव केलेल्यांना त्या कामाला २९ टक्के कमी वेळ लागला आणि न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्या जागी भाजण्याची शक्यता पाचपट होती. आपल्याकडे २०१९ च्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमापासून प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली. ती खोली उघडी राहते की कुलपात, हे त्या महाविद्यालयाला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आणि डॉक्टरांनाही विचारावं. “लेसर नवा आहे का?” एवढंच आपण विचारतो. “तुम्ही महिन्याला अशी किती करता?” हेही विचारावं. चांगला डॉक्टर रागावत नाही, दादाचे रागावले नाहीत. खर्चाची चौकशी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत करावी. योजनेतलं रुग्णालय असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊनच आरोग्यमित्राच्या टेबलाशी जावं, उपचार झाल्यावर नव्हे.

खडा गेला म्हणजे काम संपलं असं होत नाही, तो परत येतो. इटलीतल्या पार्मा शहरात पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्क्यांना परत खडा झाला, बाकीच्यांतल्या २७ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही, फक्त पाणी. तिथल्याच अभ्यासकांनी २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. कॅल्शियम कमी करणाऱ्यांपेक्षा, ते नेहमीएवढं खाऊन मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना खडे निम्मेच झाले. कारण दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे घेऊन जातं, ते मूत्रपिंडापर्यंत पोचतच नाही.

दादाच्या भुग्याचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. कॅल्शियम ऑक्झलेट. काकांच्या खड्याची अशी तपासणी कधी झालीच नव्हती आणि १९८६ पासून कुणीतरी सांगितलं म्हणून ते दूध पीत नव्हते. काकूंनी अहवाल दोनदा ऐकला, संध्याकाळी म्हशीचं दूध तापवलं आणि दोन पेले भरून एक दादासमोर ठेवला, एक काकांसमोर. काकांनी पेला हातात धरला, थोडा वेळ साय बाजूला करत बसले, मग प्यायले. ट्रॅक्टरच्या सीटमागं आता पाच लिटरचा कॅन बांधलेला असतो. तोडणीला आलेल्या टोळीतल्या बायकांसाठी फडाच्या कडेला जुन्या साड्यांचा आडोसा दादानं या हंगामात पहिल्यांदा उभा केला.